हात न लावता

१० मार्च, सोम.

वायर धरली आणि ओढली. सव्वाअकरा. भर कामात.

भिंतीवरचा बोर्ड जागच्या जागी गोठला. चौदा गाड्या, चौदा बागा, कुठल्या बागेत केळी कापायला कुठली टोळी, सगळं सव्वाअकरावर थांबलेलं. फोन घेणाऱ्या दोघी खुर्चीतून उठल्या. मग सगळे फोन एकदम वाजायला लागले.

नाना केबिनबाहेर आले. मालक. ओरडत नाहीत, चष्मा काढतात.

"कुणी केलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही."

सलीम भिंतीकडे तोंड करून उभा. यंत्रं आणि वायरी त्याच्याकडे. खांदे हलत होते, म्हणजे हसत असणार.

नानांना दाखवलं. बोर्डाची सगळी माहिती ज्यात असते तो मेमरीतला डेटाबेस इथे जळगावात, त्याची प्रत धुळ्याला, देवपुरात. तीन पहारेकरी प्रोग्राम दोन्हींवर नजर ठेवून. मुख्य गेलं की तिघं मत घेतात, दोघांचं जुळलं की प्रतीला मुख्य करतात. तेवढं झालं. अकरा सेकंदांत देवपूर उठून तयार. पण आपला क्लायंट, म्हणजे ज्या प्रोग्रामवर हा बोर्ड चालतो तो, अजून जळगावचंच दार ठोठावतोय. दुसरं दार त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते मी सांगायचं. हाताने. चार वर्षं.

नवा पत्ता हाताने घातला. बोर्ड हलला. एकूण सहा मिनिटं.

नाना : "मग झालं की. तू आहेस ना."

हेच ते वाक्य.


११ मार्च, मंगळ.

रजेचा अर्ज दिला. ७ ते १४ एप्रिल. चार वर्षांतली पहिली सलग रजा. कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

नाना : "लग्न आहे कुणाचं?"

"नाही."

"आई बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"मग देवाला वगैरे?"

"नाही."

"अगं मग लिहू काय?"

"काही नको."

"मराठीत एम.ए. झालेली बाई. कारण लिहायला शब्द सापडेना?"

"शब्द आहेत. लिहायचे नाहीत."

नानांनी सलीमचा अर्ज पुढे केला. "हे बघ. ईदची रजा, कारण ईद. एका शब्दात काम."

सलीम दारातून : "पुढच्या वेळी मी लिहीन, कारण : ताईचं बघून."

घरी येऊन आठवलं तेवढं लिहून ठेवते. मावसबहिणीची हळद : अंगाला हळद, मांडीवर लॅपटॉप. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन : दवाखान्याच्या जिन्यात बसून पत्ता बदलला, आईला आत नेलं ते पाहिलं नाही. धुळ्याला जाताना पारोळ्याला एसटीतून उतरले, रसवंतीच्या बाकावर काम केलं, मागच्या गाडीने उभ्याने गेले. तिन्ही वेळा कारण चांगलं होतं. तिन्ही वेळा रकाना भरलेला होता.

कारणाने फोन अडत नाही. मग कारण कशाला?


१२ मार्च, बुध.

नानांनी अट घातली. बोर्ड एकदा पडला पाहिजे आणि कुणी हात न लावता उठला पाहिजे. ओढणार ते स्वतः. वेळ त्यांची, मला सांगणार नाहीत.

"उठला तर जा. कारण नको मला. नाही उठला तर रजा नाही."

"चालेल."

"विचार कर."

"केला."

दुपारी क्लायंट उघडून बसले. जळगावचा पत्ता नऊ ठिकाणी हाताने लिहिलेला. त्यांतले सात माझ्याच हातचे. चार वर्षांपूर्वीची मी, घाईत, आत्मविश्वासाने.

नऊच्या नऊ काढले. आता क्लायंटला कुणाचाच पत्ता पाठ नाही. फक्त पहारेकरी कुठे असतात ते माहीत. जोडणी करायची झाली की आधी त्यांना विचारायचं, आज मुख्य कोण? सांगतील तिथे जायचं. जोडणी तुटली की पुन्हा विचारायचं. गृहीत काही धरायचं नाही.

एवढंच. एवढ्यासाठी चार वर्षं.


१४ मार्च, शुक्र.

धुळवड. गाड्या बंद, टोळ्या सुट्टीवर, ऑफिस रिकामं. आम्ही दोघंच. सलीमचा रोजा, मला रंगाची हौस नाही.

पहिली चाचणी. मुख्य प्रोग्राम रीतसर बंद केला. बोर्ड लुकलुकला, नऊ सेकंदांनी चालू. देवपुराहून. मी हात पाठीमागे बांधून उभी होते.

सलीम : "ताई, मिठाई."

"तुझा रोजा."

"मग्रिबनंतर खाईन, सूर्य बुडाला की. आणून तर ठेवा."

जळगाव परत मुख्य केलं. दुसरी चाचणी. या वेळी त्याने नेटवर्कची वायरच काढली. नऊ सेकंद. वीस. एक मिनिट. चार मिनिटं. बोर्ड मेलेला. पहारेकऱ्यांनी देवपूर केव्हाच मुख्य केलेलं, पण क्लायंट विचारायलाच गेला नाही.

तासभर लागला कळायला. प्रोग्राम बंद केला तर यंत्र 'नाही' म्हणून उत्तर देतं. क्लायंटला नकार समजतो, तो दुसरीकडे जातो. वायर काढली तर उत्तरच नाही. तो वाट बघतो. किती वेळ बघायची ते मी कधी लिहिलंच नव्हतं. म्हणून कायमची.

सलीम : "मयताला फोन लावलाय आणि रिंग ऐकत बसलाय."

वाट बघायला मुदत घातली. मी म्हटलं दोन सेकंद, तो म्हणाला पाच. देवपूरची लाइन उन्हात रेंगाळते, दोन सेकंदांत जिवंत माणसालाही मेला म्हणाल. तीनवर जुळलं.

जळगाव परत मुख्य करून पुन्हा वायर काढली. चौदा सेकंद. उठला.

मिठाई आणली. सलीमने डब्यात घालून नेली.


१६ मार्च, रवि.

आईला फोन. म्हटलं एप्रिलमध्ये येतेय, आठ दिवस.

"काय काढलंस?"

"काही नाही. अशीच."

"अशीच ये." आणि मग भेंडीचे भाव.

तिला कारण लागलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात.


१८ मार्च, मंगळ.

सकाळी सहा वीसला नानांचा फोन. बोर्ड पडला. भिंतीवरचाही, फोनवर दिसतो तोही. चाचणी नव्हे. ऑफिसच्या सगळ्या भागाची वीज गेलेली, इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. सलीम दोन महिने नवी मागतोय.

मी गादीतच. म्हटलं उठेल. थांबा.

दहा मिनिटं थांबले. नाही उठला.

लॅपटॉप उघडला. देवपूर जिवंत, प्रत शाबूत, पण प्रतच. तिला मुख्य कुणी केलंच नाही. तीन पहारेकऱ्यांपैकी दोन मी जळगावच्या ऑफिसात ठेवले होते. विजेबरोबर तेही गेले. देवपुरातला तिसरा एकटा. त्याला कळलं होतं सगळं. पण एकाचं मत म्हणजे मत नव्हे.

तीन पंच नेमले आणि दोघांना एकाच खाटेवर झोपवलं. खाट मोडली.

माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही. सोय म्हणून ठेवले होते. इथे जागा होती, टेबल होतं.

हाताने उठवला. तोवर सात वाजून पाच. मुक्ताईनगरकडून ड्रायव्हर : "बाई, इथं दुसरी गाडी आधीच लागेल आहे. मी कुठं जाऊ?" एका बागेत दोन गाड्या. आणि पलीकडच्या शिवारात माल कापून ठेवलेला, गाडी नाही. साडेदहापर्यंत घड उन्हात. शेतकरी फोनवर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्या टीव्हीत दिसत होती ना गाडी?"

ते वाक्य दिवसभर.

नाना चष्मा पुसत : "आज तू एप्रिलमध्ये असतीस तर?"

त्यांचं बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला.


१९ मार्च, बुध.

तिसरी जागा हवी. जळगावही नाही, देवपूरही नाही.

नाना : "कशाला हा खटाटोप? फोन चालू ठेव म्हणजे झालं."

"फोन बंद ठेवायचाय म्हणूनच खटाटोप."

"हट्ट आहे हा."

"हो."

नाना केबिनच्या दारापर्यंत गेले. मग स्वतःच म्हणाले, एरंडोलला विचार, आबांना. आबा त्यांचे मावसभाऊ, बियाण्यांचं दुकान.

नाना कळत नाहीत. अडवतातही आणि दारही दाखवतात.


२० मार्च, गुरु.

एरंडोल. सलीमच्या मोटारसायकलवर, मांडीवर जुना कॉम्प्युटर. ऊन. तो पाण्याशिवाय, म्हणून मीही प्यायले नाही. मूर्खपणा. तो म्हणाला, "ताई, तुमचा हिशेब अल्लाकडे जाणार नाही, पाणी प्या."

आबा सत्तरीपुढचे. टोपी, पांढरा सदरा, बियाण्यांच्या पिशव्यांवर नाव वाचायला भिंग.

"हाई काय शे?"

म्हटलं, पहारेकरी आहे.

"काय राखस?"

"जळगावचं एक यंत्र, धुळ्याचं एक. कोणतं मेलं तर सांगतो."

"पगार?"

"नाही."

"जेवन?"

"थोडी वीज."

"मंग चांगला शे. बठ्ठासले असाच गडी पाह्यजे." बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना.

चहा मागवला. सलीमने हात जोडले. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "रोजा शे का? मंग पंखाखाल बस." आणि स्वतःचा चहाही परत पाठवला.

कॉम्प्युटर फळीवर, कपाशीच्या बियाण्यांशेजारी. जोडला. जळगावचा एक पहारेकरी काढून टाकला. आता जळगाव एक, देवपूर एक, एरंडोल एक. एक गाव गेलं तरी दोघं उरतात.

परतताना सलीम गात होता. बेसूर.


२५ मार्च, मंगळ.

नोंदी वाचल्या. एरंडोल रोज संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला परत. पाचही दिवस. म्हणजे पहाटेपासून कापणी, गाड्या सगळ्या रस्त्यावर, तेव्हा नेमका हा गायब.

आबांना फोन. हो म्हणाले. दुकान बंद करताना मेन स्विच खाली. कायम. कळ खाली केली की तिला हात लावून नमस्कार, मग शटर.

"आबा, कॉम्प्युटरपुरतं चालू नाही का राहणार?"

"मेन बंद कर्याबिगर मी शटर वढस नही, माय."

मला हे सुचलं कसं नाही? खानदेशात वाढले. आमच्या गल्लीतला प्रत्येक दुकानदार असंच करतो. डोळ्यांसमोर असतं म्हणून दिसलं नाही.

सलीमने उपाय काढला. मेनच्या आधीच एक वायर काढून घेऊ. आबा कळ खाली करतील, नमस्कार करतील, आपला चालूच. "त्यांना कळणार पण नाही."

नाही म्हटलं.

"का? दहा मिनिटांचं काम."

"त्यांनी बंद केलं म्हणजे बंद झालं पाहिजे."

"तुमची रजा जाईल, ताई."

"जाऊ दे."

चिडला. वायरची गुंडाळी आपटली. मग म्हणाला, तसं ते धोक्याचंही आहे, आग लागली तर.


२७ मार्च, गुरु.

एकटी एरंडोलला. एसटीने. सकाळी नऊला पोचले, आबा शटर वर करत होते.

मी मुद्दे तयार करून गेले होते. वीज किती कमी खातो. शेतकऱ्याचा माल कसा उन्हात राहिला. आबांनी सगळं ऐकलं. मान हलवली. मालाचं ऐकून हळहळले, खरंच हळहळले.

"तरी मेन बंद करसू."

"आबा, पण का? आग लागली होती का कधी?"

"नही."

"वडील करायचे?"

"बापनं दुकान नव्हतं."

"मग?"

"मंग काय? मी करस."

पिशव्या लावता लावता त्यांनी विचारलं, नाना सांगत होते तू रजेसाठी भांडतेस. "रजा कसाले पाह्यजे?"

म्हटलं, कारण नाही.

"कायच नही?"

"नाही."

आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "मंग मन्हं बी नही."

जे मी नानांकडे मागतेय तेच आबा माझ्याकडे मागत होते, आणि मी मुद्दे काढून बसले होते. नानांसारखी. फक्त चष्मा नव्हता.

कॉम्प्युटर फळीवरून उतरवला. कुठे न्यायचा ते ठरलं नव्हतं. मागच्या दारात आबांच्या पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणतात. दुकानामागेच घर. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"घरना मेन यास्ना हातमा नही," अक्का म्हणाल्या. "फ्रीज शे तठे. फ्रीज कोनी बंद करस नही. वर ठेव."

आबा : "फ्रीजवर मन्ही टोपी ऱ्हास."

"टोपी खुंटीले लाव."

पहारेकरी फ्रीजवर. खाली विणलेला रुमाल.


२९ मार्च, शनि.

दोन सकाळी सलग एरंडोल जागं. नोंद सलग, एकही खंड नाही.

आणखी एक गाठ सुटली. मुख्य पडून परत आलं की ते प्रत म्हणून परत येतं, मधल्या काळात खुर्ची दुसऱ्याला गेलेली असते. आमचा क्लायंट जुन्या ओळखीवर तिथेच लिहायला जायचा आणि नकार खायचा. आता असा नकार आला की जुनी जोडणी टाकून द्यायची, पहारेकऱ्यांना पुन्हा विचारायचं. सहा ओळी.

संध्याकाळी सलीमला खुर्चीवर बसवलं. सगळंच फसलं, तिघं पहारेकरी गेले, तर हाताने काय करायचं ते एका कागदावर लिहिलं होतं. मी मागे उभी, हात बांधून. एक शब्द बोलले नाही. त्याने चार मिनिटांत केलं. मला सहा लागतात.

"मग आजवर तुम्हालाच का फोन?" त्याने विचारलं.

"तुला कुणी शिकवलं नाही."

"कुणी नाही?"

मीच नाही. ते त्याने म्हटलं नाही. मीही नाही. कुठेतरी आवडत असणार मला, सगळ्यांना मीच लागते ते. हे लिहून ठेवते. खोडायचं नाही.


३१ मार्च, सोम.

ईद. सलीमच्या घरी शीरखुर्मा, दोन वाट्या. त्याची अम्मी म्हणाली, "हा सांगतो, ताई सुट्टीसाठी लढतेय." लढाई म्हणावी इतकं मोठं नाही. पण शब्द आवडला.

नानांनी अजून ओढलेलं नाही.


२ एप्रिल, बुध.

रोज सकाळी वाट. नाना केबिनमधून उठले की सगळे बोर्डाकडे पाहतात. नाना पाणी पिऊन परत बसतात.

ओढणारच नाहीत की काय? ओढलं नाही तर उठणार नाही, उठला नाही तर रजा नाही. हाही एक मार्ग.


४ एप्रिल, शुक्र.

चारला चहा घेऊन परत येत होते. नाना यंत्रांच्या खोलीच्या दारात. हातात वायर. पडलेल्या चेहऱ्याने.

"ओढली," म्हणाले.

"कधी?"

"झाली की दहा मिनिटं. काही झालंच नाही."

बोर्डाकडे पाहिलं. चालू. गाड्या सरकत होत्या. फोन घेणाऱ्या दोघींना विचारलं, काही कळलं? काय कळायचं, म्हणाल्या. सलीमने नोंद काढली : तीन पन्नासला जळगाव गेलं, एरंडोल आणि देवपूर यांचं मत जुळलं, देवपूर मुख्य, तेराव्या सेकंदाला क्लायंट तिकडे. कुणी हात लावला नाही. मी तर खाली टपरीवर होते.

म्हटलं, "झालं ना मग?"

नाना : "काय झालं? बोर्ड पडलाच नाही. पडला नाही तर उठला कसा म्हणू?"

"तेरा सेकंद पडला होता."

"मी पाहिलं नाही. मी वायर ओढून बाहेर येईपर्यंत सगळं आहे तसंच. ही चाचणी धरायची नाही."

सलीम तोंड धरून बाहेर गेला. मला हसू येईना.

"नाना, तुम्हाला काय दिसायला हवं?"

"पडलेला दिसला पाहिजे. मग उठलेला दिसला पाहिजे."

चार वर्षं मी पडलेला दाखवला आणि उठलेला दाखवला. म्हणून मी दिसत होते. आज काहीच दिसलं नाही आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते नानांना कळेना.

वायर त्यांच्या हातातून घेतली. जोडली. जळगाव परत आलं, प्रत म्हणून, निमूट. एरवी मुख्य जळगावला परत आणायचे, या वेळी देवपुरातच राहू दिलं. मागे आणायचं कारण नाही.

"सोमवारपासून मी नाही," म्हटलं. "पुन्हा ओढायचं असेल तर मी नसताना ओढा. सलीम आहे, त्याच्याकडे कागद आहे."

"मी रजा मंजूर केलेली नाही."

"माहीत आहे."

"नोकरीचा विचार केलास?"

"तो तुम्ही करा."

चष्मा काढला त्यांनी. हातात धरून उभे. मला पहिल्यांदा दिसलं, ते घाबरले आहेत. माझ्यावर रागावलेले नाहीत. यंत्राच्या भरवशावर चौदा गाड्या सोडायला घाबरले आहेत. माणूस ओळखीचा असतो, त्याला हाक मारता येते. हे समजलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

अर्ज त्यांच्या टेबलावर होता तसाच. रकाना रिकामा.


५ एप्रिल, शनि.

नानांनी सलीमला दोनदा विचारलं, कागद कुठे ठेवलास. त्याने खिशातून काढून दाखवला. दुसऱ्यांदा नानांनी तो हातात घेतला आणि उभ्याने सगळा वाचला. "अक्षर चांगलं आहे तिचं," एवढंच.

इन्व्हर्टरची नवी बॅटरी आली. कुणी मागवली, कळलं नाही.


६ एप्रिल, रवि.

देवपूर. दुपारच्या गाडीने आले. पारोळा आलं, उतरले नाही.

प्रतीचं यंत्र, म्हणजे आता मुख्यच, आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. ओळखीच्या शिकवणी वर्गात एका कपाटात. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा सवयीने तिकडे वळायला लागले होते. वळले नाही.

आईने विचारलं नाही किती दिवस, कशासाठी. पोळ्या केल्या. रामनवमीचा सुंठवडा ठेवला होता.

सात वाजता फोन बंद केला. कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं नाही. तेवढं नाटक नको.

आई : "चार्ज संपला?"

"नाही. बंद केला."

"बरं."


७ एप्रिल, सोम.

सहा वीसला पंखा थांबला. वीज गेलेली. सगळ्या देवपुराची, समोरच्या गल्लीतही नाही. शिकवणी वर्गातली बॅटरी वीस मिनिटं टिकते, मग मुख्य जाणार, जळगावला हात न लावता उठावं लागणार. जळगावात या वेळी गाड्या निघालेल्या असतात.

गादीवर पडून राहिले. मोजलं नाही असं लिहिणार होते. मोजलं.

पावणेसातला आईचा फोन वाजला. तिने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. नाना. मी मान हलवली, नाही. तिने उचलला.

"ती रजावर शे, भाऊ," म्हणाली, आणि ठेवून दिला.

नाना काय सांगत होते ते तिने ऐकलं नाही. मी विचारलं नाही. चहा झाला. वीज साडेआठला आली.